चष्मा काढून बोललेलं वाक्य

बेंगळुरूच्या उलसूर भागातल्या त्या गल्लीत स्वतःच्याच आवाजाला भिणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे विश्वासराव. तसे ते भित्रे नव्हते. तळ्याकाठच्या रस्त्यानं अंधार पडल्यावर एकटे यायला त्यांना कधी काही वाटलं नाही. पण शेवटची काही वर्षं गल्लीत कुणी मोठ्यानं पेपर वाचायला लागलं की ते उठून आत जात आणि आतल्या खोलीचं दार लावून घेत. बायको सोयराबाई दाराबाहेरून विचारत, "अहो, काय झालं?" हे असं का झालं ते सांगायचं तर आधी त्यांचे चांगले दिवस सांगायला हवेत.

घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडं आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी बोलत, पण ती ऐकून पुण्याच्या पाहुण्याला हसू आवरत नसे. विश्वासराव एका कारखान्यात हजेरी विभागात होते. तिथून निवृत्त झाले आणि त्यांना खरी नोकरी लागली ती जगलीवरची. जगली म्हणजे घरापुढचा दगडी ओटा. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते तिथं बसत आणि गल्लीला पेपर वाचून दाखवत. पेपर कन्नड. गल्लीतल्या जुन्या बायकांना कन्नड बोलता येई, वाचता येत नसे. म्हणून विश्वासराव डोळ्यांनी कन्नड वाचत आणि तोंडानं मराठी बोलत, मध्ये श्वाससुद्धा न घेता. हे काम सोपं नाही, करून बघावं.

या वाचनाला एक कायदा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या चुकीतून केला होता. फार पूर्वी एकदा त्यांनी रेशनच्या साखरेबद्दल आपला एक अंदाज बातमीच्याच सुरात सांगून टाकला होता. अर्ध्या तासात अख्खी गल्ली पिशव्या घेऊन दुकानापुढं उभी, आणि दुकानदार कपाळाला हात लावून बसलेला. तेव्हापासून चष्मा नाकावर असेल तर बोलणं पेपरचं, चष्मा हातात असेल तर बोलणं अण्णांचं. अण्णा म्हणजे तेच. गल्ली त्यांना अण्णा म्हणे, मुलगीही अण्णाच म्हणे. समोरच्या गोजराबाई मध्येच विचारायच्या, "अण्णा, हे पेपरवाला म्हणतो की तुम्ही?" त्यावर विश्वासराव नुसतं चष्म्याकडं बोट दाखवत. आवाज मात्र दोन्ही वेळी एकच, ठसठशीत. त्याचा त्यांना अभिमान होता. आवाज बदलतो तो नाटकवाला, असं ते म्हणायचे.

जगलीवर नेमानं येणारा दुसरा माणूस म्हणजे त्रिविक्रमराव. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. यांचं घराणं तंजावरकडचं, मराठी आणखीच वेगळी, पण दोघांची मैत्री लंगोटीची. त्रिविक्रमराव कमी बोलत. पेपर ऐकून झाला की "सरी," म्हणजे बरोबर, एवढं म्हणून उठत. विश्वासरावांना ते एक "सरी" दहा जणांच्या वाहवेपेक्षा जास्त वाटायचं.

मग शहाण्णव साल आलं आणि घरात ईमेल आला. म्हणजे घरात नाही, स्मृतीच्या ऑफिसात. स्मृती ही त्यांची मुलगी, इंदिरानगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. थोरला अभिमन्यू कॅलिफोर्नियात. त्यानं तिकडच्या उलसूरकरांसाठी एक मेलिंग लिस्ट काढली. एकानं पत्र टाकलं की ते सगळ्यांना पोचायचं, आणि मग त्यावर सगळे तुटून पडायचे. न्यू जर्सीतला माणूस शिकागोतल्या माणसाची अक्कल काढी, ती बेंगळुरूच्या नगरपालिकेवरून. गावात असताना यांतल्या एकानंही कधी मत द्यायला रांग लावली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

त्या सगळ्यांना गावची बातमी हवी असे. स्मृती सकाळी अण्णांच्या समोर बसून ऐके आणि ऑफिसात गेल्यावर टाइप करून पाठवी. कॉम्प्युटरवर तेव्हा मराठी अक्षरं कुठली यायला! इंग्रजी अक्षरांत मराठी. ती मुलगी काटेकोर होती. वर पेपरातलं लिही, खाली वेगळा भाग करून "अण्णांना काय वाटतं" असा मथळा देई. तिकडची मंडळी खालचा भाग आधी वाचत, असं अभिमन्यूनं फोनवर सांगितलं तेव्हा विश्वासराव दिवसभर खुशीत होते.

गल्लीच्या टोकाला एक मैदान होतं. गणपती तिथं बसायचा, पोरं क्रिकेट खेळायची, उन्हाळ्यात बायका पापड वाळत घालायच्या. ते एका बिल्डरच्या घशात चाललंय असं कळलं आणि गल्लीनं समिती काढली. समितीचे अध्यक्ष केले त्रिविक्रमरावांना. विश्वासरावांना कुणी विचारलंच नाही. "अण्णा काय, घरचेच," असं म्हणून त्यांना कुठल्याच पदावर न घेता सगळीकडं धरून चालले. ज्यांना कधी असं घरचं करून सोडलंय त्यांना हे दुखणं कळेल.

आणि दुखण्यावर मीठ म्हणजे पेपर. आज त्रिविक्रमरावांनी निवेदन दिलं, उद्या त्रिविक्रमरावांनी धरणं धरलं. एकदा तर फोटोसुद्धा. आणि ते सगळं मोठ्यानं वाचून कुणी दाखवायचं? विश्वासरावांनी. वाचायचे बिचारे, ठसठशीत आवाजात. आत काय होत होतं ते सोयराबाईंनाच ठाऊक. पेपर झाल्यावर कॉफी कडू लागे.

तिकडं लिस्टवर मैदानाचा विषय पेटला होता. एका उलसूरकराचे मामा इथल्या हायकोर्टात मोठे वकील होते. ते समितीचा खटला चालवायला तयार झाले. त्रिविक्रमरावांचं नाव तिकडं आदरानं घेतलं जाऊ लागलं, आणि हेही विश्वासरावांना फोनवरच कळलं.

त्या गुरुवारी स्मृतीला उशीर झाला होता. ऑफिसची बस चुकेल म्हणून ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डबा भरत होती आणि तिथूनच ऐकत होती. जगलीवर गोजराबाई आणि दोनचार बायका. त्रिविक्रमराव आले नव्हते, वकिलाकडं गेले होते. विश्वासरावांनी वाचलं: समितीचे अध्यक्ष त्रिविक्रमराव यांनी सोमवारी बिल्डरच्या कार्यालयात जाऊन त्याची भेट घेतली, चर्चेचा तपशील समजला नाही. बातमी तेवढीच, दोन ओळींची.

सोमवारी संध्याकाळी त्रिविक्रमराव याच जगलीवर तासभर बसले होते आणि या भेटीचं एक अक्षर बोलले नव्हते. आपल्या मित्राची गोष्ट आपल्याला पेपरात वाचून कळावी! विश्वासरावांनी चष्मा काढला आणि ते म्हणाले, "आतून... हातमिळवणी झालीय. मैदान गेलंच म्हणून समजा."

"अय्यो अण्णा," गोजराबाई म्हणाल्या, "जिभेला काही हाड?"

विश्वासरावांना लाज वाटली. चष्मा लावून ते कांद्याच्या भावाकडं वळले. विषय तिथं संपला असं त्यांना वाटलं.

स्वयंपाकघरातून चष्मा दिसत नाही. आणि आवाज तर एकच. स्मृतीनं ऑफिसात जाऊन तिन्ही वाक्यं एकाखाली एक टाइप केली, वरच्या भागात, बातमी म्हणून. त्या दिवशी "अण्णांना काय वाटतं" या मथळ्याखाली फक्त कांद्याबद्दल होतं.

पुढं काय झालं ते ईमेलच्या रीतीनं झालं. एकानं ते वाक्य उचललं, त्याच्या उत्तरात ते पुन्हा आलं, दुसऱ्याचा मजकूर आहे अशी खूण म्हणून डाव्या बाजूला एक बाण लागला. दुसऱ्यानं त्याला उत्तर दिलं, बाण दोन झाले. बाण वाढत गेले तसं वाक्य कुणाचं हे विचारायचं सगळे विसरले. अमराठी मित्रांनाही कळावं म्हणून एकानं त्याचं इंग्रजी केलं आणि सुरुवातीला "बेंगळुरूहून आलेल्या वृत्तानुसार" असं जोडून दिलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. अशी कामं वाईट हेतूवाचूनच चांगली होतात. महिन्याभरात वकील मामांनी कळवलं की ज्या समितीचा अध्यक्षच फितूर आहे तिचा खटला आपण चालवणार नाही.

एका सकाळी दूधकेंद्राच्या भिंतीवर इंग्रजी कागद चिकटवलेला दिसला. तिकडून कुणी आपल्या भावाला फॅक्स केलेला, त्याची झेरॉक्स. तो कागद भिंतीवरून काढून त्रिविक्रमराव जगलीवर आले. त्यांच्यामागं निम्मी गल्ली आली. त्यांचा चेहरा वर्गात गणित चुकलेल्या मुलासारखा झाला होता, आणि तसा त्यांचा चेहरा विश्वासरावांनी जन्मात पाहिला नव्हता.

"विश्वासा," ते म्हणाले, "हे अमेरिकेहून आलंय. सगळे मला विचारतायत. तू वाचून दाखव. यातलं बातमी कुठलं नि कुणाच्या मनचं कुठलं, ते तू सांग. तुझ्यावर गल्लीचा भरवसा आहे."

विश्वासरावांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली, डोळ्यांनी इंग्रजी, तोंडानं मराठी. बेंगळुरूहून आलेल्या वृत्तानुसार. अध्यक्षांनी बिल्डरची भेट घेतली. तपशील समजला नाही. आणि मग त्यांच्या तोंडून निघालं, "आतून... हातमिळवणी झालीय. मैदान गेलंच म्हणून समजा."

तेच शब्द, तोच ठसका. इंग्रजीतून परत मराठीत येताना ते वाक्य आपल्या जुन्या जागी नेमकं येऊन बसलं. सगळ्यात भयानक गोष्ट अशी की वाचताना क्षणभर त्यांना ते खरं वाटलं होतं. अरेरे, शेवटी केलंच का यानं असं, हे मनात येऊन गेलं आणि मग त्यांनी आवाज ओळखला. त्यांनी मागं वळून पाहिलं. दारात स्मृती उभी होती, तोंडावर हात ठेवून.

विश्वासरावांनी चष्मा काढला.

"हे वाक्य माझं आहे," ते म्हणाले. "कुठल्या पेपरात आलेलं नाही. मी इथं बसून बोललो, रागाच्या भरात. मला काहीएक माहीत नव्हतं. पोरीनं आतून ऐकलं, तिला वाटलं पेपरातलं आहे. अमेरिकेत गेलं ते इथूनच गेलं."

"हो, मीच पाठवलं," स्मृती म्हणाली. तिला रडू फुटलं.

आता सगळं मिटलं असं विश्वासरावांना वाटलं. तेवढ्यात गोजराबाई बोलल्या. त्या दिवशी कानानं ऐकणारी बाई, साक्षीदार म्हणावी अशी.

"तुम्ही बोललात ते खरं, अण्णा. मीच तुम्हाला टोकलं. पण आता बघा, तिकडं एवढी शिकलेली माणसं, त्यांनाही तेच कळलं. छापून आलंय. म्हणजे तुमचा अंदाज बरोबरच होता की."

"अहो, माझंच ते! माझंच फिरून आलंय!"

"असंल. पण आगीवाचून धूर निघत नाही."

चारपाच माना डोलल्या. विश्वासराव परत परत सांगत राहिले आणि लोक परत परत समजूतदारपणे ऐकत राहिले. दोस्तासाठी अंगावर घेतोय, मोठ्या मनाचा माणूस, असं कुणीतरी कुजबुजलं. जन्मभर त्यांच्या प्रत्येक शब्दावर मान डोलावणाऱ्या गल्लीनं त्यांचा एकच शब्द मानला नाही, आणि तोच तेवढा खरा होता.

लोक पांगले. त्रिविक्रमराव जगलीवर बसून होते. विश्वासराव त्यांच्याजवळ बसले, म्हणाले, "तू तरी मान रे माझं."

"मानलं," त्रिविक्रमराव म्हणाले. "तू खोटं बोलत नाहीस. ती बातमी नव्हती, तुझं मत होतं." मग म्हणाले, "बातमी असती तर बरं झालं असतं, विश्वासा. खोटी आहे म्हणून सोडून दिली असती. मत कसं सोडू? ते तर तुझंच."

विश्वासरावांनी हातातला चष्मा मिटून खिशात ठेवला.

"त्या बिल्डरनंच बोलावलं होतं," त्रिविक्रमराव पुढं म्हणाले. "पैशाचं बोलला. मी उठून आलो. तुला सांगणार होतो, पण तू हल्ली माझं नाव निघालं की तोंड फिरवायचास. म्हटलं, जाऊ दे." ते उठले. "सरी," म्हणाले आणि गेले. त्या शब्दात यापूर्वी कधी नव्हतं असं काहीतरी होतं आणि विश्वासरावांना ते सहन झालं नाही. त्या दिवसापासून त्यांनी पेपर वाचणं सोडलं.

स्मृतीनं त्याच दिवशी लिस्टवर खुलासा पाठवला. सगळं सविस्तर, कुठं काय चुकलं ते. उत्तरं आली. एकानं लिहिलं, घरच्यांवर दबाव आलेला दिसतो. दुसऱ्यानं लिहिलं, हे तुमचं वैयक्तिक मत झालं, आम्ही फक्त बातमी धरून चालतो. हे उत्तर स्मृतीनं अण्णांना वाचून दाखवलं नाही. पण अभिमन्यूनं फोनवर सांगितलंच. पोरगा तिकडं बसून रागानं फणफणत होता, आणि त्याला कळत नव्हतं की बापाला हे सांगू नये.

दुसरा वकील मिळाला नाही. समिती आपोआप विरली. मैदानाभोवती पत्रे लागले, आत खड्डा खणला गेला, आणि गल्लीनं एक सुस्कारा टाकून म्हटलं, बघा, अण्णा म्हणाले होते तसंच झालं. हे कौतुकानं म्हणायचे. ते भाजीवालीकडं उभे असले तर लोक म्हणायचे, "तुमचं बोलणं खरं ठरलं हं, अण्णा." विश्वासराव कोथिंबीर तिथंच ठेवून परत यायचे.

पुढं ते वाक्य त्यांना कुठंही भेटू लागलं. न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर. अनोळखी माणसं बोलायची, कधी कन्नडमध्ये, कधी तमिळमध्ये, पण हातमिळवणी या शब्दाआधी सगळे तसेच किंचित थांबायचे जसे ते त्या गुरुवारी थांबले होते. निदान त्यांना तसं ऐकू यायचं. मागून ऐकू आलं की ते वळून पाहत, आपण तर बोललो नाही ना, म्हणून. सोयराबाईंनी अंगारा लावून पाहिला, नवस केला. विश्वासराव म्हणाले, "अगं, भूत असतं तर उतरलं असतं. मी जिवंत आहे, हे उतरणार कसं?"

त्रिविक्रमरावांनी दीड वर्षांत घर सोडलं. गल्लीत कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण ते आले की बोलणं थांबायचं. त्यांची मुलगी आणि जावई व्हाइटफील्डकडं राहायला गेले होते, आयटी पार्क नुकतंच सुरू झालं होतं. त्रिविक्रमराव आणि त्यांची बायको त्यांच्याकडंच गेले. जाताना विश्वासरावांना भेटले. भांडण असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळं मिटवायलाही काही नव्हतं.

नव्व्याण्णव साली एका रविवारी विश्वासरावांनी मनाचा हिय्या केला. सोयराबाईंनी तळलेल्या कोडबळ्यांचा डबा दिला. दोन बस बदलून, धुळीतून, अर्धवट बांधलेल्या इमारतींमधून ते तिथं पोचले. फाटकाशी गणवेशातला माणूस, त्यानं नाव विचारून आत फोन केला. आत लॉन, कारंजं. लिफ्टमध्ये आरसा होता. विश्वासराव वाटभर बोलायचं ठरवत आले होते. मला माफ कर असं म्हणायचं, सरळ, पहिल्याच वाक्याला, कॉफी यायच्या आधी. तीन वर्षं घशाशी अडकलेलं ते एकच वाक्य होतं, आणि तेही त्यांचं स्वतःचंच होतं.

दार त्रिविक्रमरावांनी उघडलं. म्हातारे झाले होते. "ये," म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर खरा आनंद होता. विश्वासराव आत आले. पायाखाली गारगार, पांढरी, चकचकीत फरशी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. समोर काचेचं मोठं दार, त्यापलीकडं गॅलरी.

मास्तराच्या पेन्शनीत हे कुठून?

त्यांच्या कानात कुणी बोललं. आवाज ठसठशीत होता. बोलणारा कोण ते त्यांना वळून पाहावं लागलं नाही. या सगळ्या जगात ज्या एका माणसाला पक्कं माहीत होतं की त्या जुन्या वाक्यात काही तथ्य नाही, तो माणूस दारात उभा राहून फरशी मोजत होता. त्यांनी नजर उचलली, पण व्हायचा तो उशीर झाला होता.

त्रिविक्रमरावांनी ती नजर पाहिली. त्यांना राग आला नाही. आल्या पाहुण्याला चप्पल कुठं ठेवायची ते सांगावं तितक्या सहज ते म्हणाले, "भाड्याचं आहे. जावयाची कंपनी भरते. पावती दाखवू?"

विश्वासरावांच्या तोंडून "नको" निघायला एक क्षण उशीर झाला.